काम होण्याआधीचा सत्कार

ऐन मे महिन्यात, जळगावचं ऊन माणसाला भाजून काढत असताना, ऑफिसात एका बाईंचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. "सूर्यावर वादळ येणार असं तुम्हीच छापलंय ना? मग मी बिबड्या आज घालू, की वादळ जाऊ देऊ? पीठ शिजवून बसलेय." बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. आंबवलेलं पीठ शिजवायचं, गच्चीवर जुन्या साडीवर थापायचं आणि कडक उन्हात खडखडीत वाळवायचं. मी म्हटलं, "ते वादळ फार लांब आहे हो, तुमच्या गच्चीपर्यंत येत नाही. बिनधास्त घाला." बाई जरा थांबून म्हणाल्या, "लिहून द्याल का तसं?"

अशी माझी नोकरी होती. विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागात मी उभं आयुष्य काढलं आणि आता घरी बसले आहे. प्राध्यापकांनी संशोधन करायचं, ते मला येऊन सांगायचं, मी त्याची मराठीत बातमी करून जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांना पाठवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण प्राध्यापकाला वाटायचं मी त्याच्या कामाचा भुगा केला, पत्रकाराला वाटायचं मी त्याला प्रबंध वाचायला दिला, आणि वाचकाला काय वाटायचं ते असं फोनवरून कळायचं. तिन्हीकडून बोलणी खाऊन मी संध्याकाळी घरी जायची, तेव्हा स्वयंपाकघरात कुणी "आज नवीन काय?" विचारलं तरी अंगावर काटा यायचा.

संशोधन म्हणजे काय, ते बाहेरच्यांना थोडं सांगते. एक माणूस एका बारीकशा गोष्टीकडे वर्षानुवर्षं बघत बसतो आणि शेवटी म्हणतो, "असं असावं असं वाटतं, पण अजून पाहायला हवं." बस, एवढंच. आता बातमीत "वाटतं" चालत नाही, आणि "अजून पाहायला हवं" हे तर कुणालाच ऐकायचं नसतं. पत्रकाराचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, याचा सामान्य माणसाला उपयोग काय?" हा सामान्य माणूस कोण, कुठे राहतो, मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्याला उपयोग शोधून देण्यात माझे नाकी नऊ आले.

सूर्याच्या वादळाचे ते प्राध्यापक धुळ्याच्या एका कॉलेजातले. उपग्रहांनी टिपलेली सूर्याची माहिती संगणकावर तपासायची आणि त्यावरून तिथल्या उसळ्यांचा अंदाज बांधायचा, हे त्यांचं काम. फोटोग्राफर घेऊन मी भर दुपारी धुळ्याला गेले. फोटोग्राफर म्हणाला, "सर दुर्बिणीतून सूर्याकडे बघताहेत असा पाहिजे." सर म्हणाले, "अहो, मी सूर्याकडे बघतच नाही. मी कॉम्प्युटरकडे बघतो. आणि असं बघितलं तर डोळे जातील." तरी कुठून तरी शाळेतली दुर्बीण आणवली, सरांना गच्चीवर उभं केलं, आणि सूर्य पाठीशी ठेवून ते समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघताहेत असा फोटो छापून आला. खाली ओळ होती, "सूर्याचा वेध घेताना." सर मला पुढे दोन-तीनदा भेटले, पण त्या फोटोचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

भौतिकशास्त्र विभागात सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर काम चाले. ती बातमी आली आणि सराफ बाजारातले एक मारवाडी शेठजी थेट माझ्या टेबलासमोर. पिढ्यानपिढ्या सोन्यात वाढलेला माणूस. त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं, मग हळूच म्हणाले, "ताई, खरं सांगा. एवढं बारीक करताना घट किती येते?" घट म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं. मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या मुलीनं छोटी बाटली हातात दिली. आत कोकम सरबताच्या रंगाचं पाणी.

"सोनं कुठाय?"

"हेच. इतकं बारीक झालं की ते लाल दिसतं."

शेठजींनी बाटली खिडकीपाशी धरली, हलवली, पुन्हा धरली. मग फार सभ्यपणे परत केली आणि जिना उतरताना मला म्हणाले, "माफ करा हं ताई. पण माझ्या कारागिरानं सोन्याचं असं लाल पाणी करून दाखवलं असतं, तर मी आधी त्याची झडती घेतली असती."

असल्या गोष्टींवर हसून दिवस निघत. पण एका गोष्टीवर मला कधी हसता आलं नाही, आणि ती सांगायची तर आधी आमची एक रीत सांगायला हवी.

आमच्याकडे बातमीला फोटो लागतो आणि फोटोला सत्कार लागतो. प्राध्यापक यंत्राशेजारी उभे असलेला फोटो कुणी लावत नाही. त्यांच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, बाजूला मान्यवर, आणि खाली "डावीकडून" करत सगळ्यांची नावं, असं असेल तर जागा मिळते. ज्याचं नाव त्याचा गोतावळा पेपर घेतो, हा साधा हिशेब. म्हणून शोधनिबंध छापून आला की सत्कार, यंत्र आलं की सत्कार, आणि प्रकल्प नुसता मंजूर झाला तरी सत्कार. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं. माझ्या कपाटात शाल-नारळ कायम तयार असायचे. यात मला काही वावगं वाटत नव्हतं, कारण आमच्यात सगळेच असं वाचायला शिकलेले. शाल दिसली म्हणजे काहीतरी सुरू झालंय, एवढंच आम्ही धरायचो.

रसायनशास्त्राच्या बोरसेसरांचा प्रकल्प असाच मंजूर झाला. विषय सिकलसेल. हा रक्ताचा आजार आईबापाकडून येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग सांध्यांत, पाठीत, छातीत जीवघेण्या कळा येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर तो बऱ्याच घरांत आहे. सरकारी दवाखान्यात रोज घ्यायच्या गोळ्या मिळतात. त्यांनी आजार जात नाही, पण कळा लांब राहतात. बोरसेसरांना एक असं रसायन मिळालं होतं की काचेच्या नळीत त्यानं पेशींचं वाकणं कमी होत होतं. पुढचं सगळं तपासायचं होतं, त्यासाठी मंजुरी आली होती. मी बातमीत "प्राथमिक टप्पा" हे शब्द दोनदा घातले. एका पेपरानं मथळा दिला, "सिकलसेलवर औषध, डॉ. बोरसे यांचा सत्कार."

त्यानंतर काही दिवसांनी गेटवरून वॉचमनचा फोन आला. "मॅडम, एक माणूस औषध मागतोय. पोरगी आहे संगे. तिला उभं राहवत नाहीये."

मी दोघांना वर बोलावलं. माणसाचं नाव गुलाब. चोपड्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी त्याचा पाडा. केळीच्या बागेत घड कापणाऱ्या टोळीत तो काम करायचा. खांद्यावरच्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. मुलगी ललिता, आश्रमशाळेत आठवीला. ती खुर्चीत बसली आणि गुडघे दोन्ही हातांनी धरून तशीच राहिली. गुलाबनं पेपरचं पान उलगडून टेबलावर ठेवलं.

"ताई, औषध लेवाले उनूत."

मी म्हटलं, "भाऊ, औषध अजून तयार नाही. आत्ता कुठे काम सुरू होतंय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे. सरांच्या हातातल्या नारळावर बोट ठेवलं. "काम व्हयनं नही, तं नारय कसाले दिधं?"

त्याच्या पाड्यावर विहिरीला पाणी लागल्यावर नारळ फुटतो, घर उभं राहिल्यावर फुटतो. काम झालं नसताना चार मोठी माणसं एकाच्या हातात नारळ देऊन हसत उभी राहतील, हे त्याला कोण शिकवणार होतं? बातमी शब्दाशब्दानं खरी होती. पण त्यानं शब्द वाचलेच नव्हते, फोटो वाचला होता. आणि फोटो चक्क खोटं बोलत होता.

मी ललिताला विचारलं, "तुझ्या रोजच्या गोळ्या चालू आहेत ना?"

ती शाळेतल्यासारखं नीट बोलली. "बाबांनी बंद केल्या. नवीन औषध आलंय म्हणाले."

"आनाले जावं तं रोज बुडस," गुलाब म्हणाला. रोज म्हणजे दिवसाची मजुरी. "खादी की पोरले उलट्यासारखं व्हस. नवं औषध उनं म्हनीसन बंद कऱ्यात." मी सरांना फोन केला आणि ताबडतोब या म्हटलं.

बोरसेसर धावतच आले. मुलीकडे बघून म्हणाले, "हिला दवाखान्यात न्यायला हवं. मी त्या अर्थानं डॉक्टर नाही."

"पेपरमा तं डॉक्टर लिखेल शे," गुलाब म्हणाला.

सर समजावू लागले. रेणू, पेशी, चाचण्यांचे टप्पे. गुलाबचा चेहरा दगड झाला होता. मग सर बोलायचे थांबले, स्टूल ओढून त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि आपल्या साक्रीकडच्या बोलीत म्हणाले, "भाऊ, ते औषध काचनी नळीमा शे. मानूसना आंगमा अजून गयं नही. गयं तं काय करी, माले बी माहीत नही."

गुलाबनं आवाज खाली आणला. "खरं सांगा सर. मोठा लोकस्ले देतस का?"

सरांचे डोळे भरून आले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. "मनी पोर राहती तरी दिधं नसतं," ते म्हणाले. म्हणजे स्वतःची पोर असती तरी.

सरांच्याच गाडीतून ललिताला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या कधीपासून बंद आहेत विचारलं, का बंद केल्या विचारलं, आणि उत्तर ऐकून आम्हा दोघांकडे एकदा बघितलं. काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली, आणि तरी पहिल्या दिवशी ती पोर उशीत तोंड खुपसून कण्हत होती. मी बाहेरच्या बाकावर गुलाबशेजारी बसून राहिले. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. चहा आणला, तोही त्यानंच.

ललिता सावरली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. घरी नेताना गुलाब म्हणाला, "आते चालू ठेवसू. पन औषध बनी जाई तवय पेपरमा नका टाका, ताई. आमले सांगा."

मी म्हटलं, "बनलं तरी सांगेन, नाही बनलं तरी सांगेन."

बोलून गेले खरी, पण त्या वाक्यानं पुढे माझी झोप उडवली. कारण हा माणूस वाट बघणार होता. आणि वाट बघताना कुठून काही कानावर आलं, कुणी भोंदू काही बोलला, तर गोळ्या पुन्हा सुटायला वेळ लागणार नव्हता. मी कॅन्टीनला जाताना सरांना विचारायची, "काय म्हणतंय?" ते हात हलवायचे. एखाद्या दिवशी चेहरा उजळलेला असायचा आणि पुढच्याच आठवड्यात ते माझ्याकडे न बघता निघून जायचे. मी इतकी वर्षं संशोधनाच्या बातम्या लिहिल्या, पण त्याची वाट बघणं काय असतं ते तेव्हा कळलं. फार दमवणारं असतं ते. बातमी एका सकाळी लिहून होते, आणि तिच्यामागचं काम माणसाचे केस पिकवतं.

शेवटी एक दिवस सर स्वतः ऑफिसात आले. बसले. म्हणाले, "नाही जमलं." ते रसायन पेशींना वाकू देत नव्हतं हे खरं, पण जास्त वेळ ठेवलं की पेशींचं आवरणच फाटत होतं. त्यांनी सगळं पुन्हा करून बघितलं, दुसऱ्या प्रयोगशाळेतून करवून घेतलं. तिथेही तेच झालं. ती वाट तिथे संपली होती.

मी बातमी लिहिली. माझ्या नोकरीतली सगळ्यात छोटी आणि सगळ्यात सरळ बातमी ती. अमुक रसायन सिकलसेलवर उपयोगी ठरले नाही. रुग्णांनी नेहमीच्या गोळ्या चालू ठेवाव्यात. पेपरातला मुलगा फोनवर म्हणाला, "ताई, न सापडल्याची बातमी कशी लावू? आणि फोटो काय देऊ?" वरच्या साहेबांनी विचारलं, "हे कळवायची गरज आहे का?" कुणीच लावली नाही. त्याच आठवड्यात मी निवृत्त झाले. माझ्या निरोपाची बातमी मात्र तीन कॉलम आली. डावीकडून सगळी नावं होती, आणि माझ्या खांद्यावर माझ्याच कपाटातली शाल.

मी सरांना म्हटलं, "मी चोपड्याला जाते. तुम्ही येता?"

"कोणत्या तोंडानं येऊ?" ते म्हणाले. त्या दिवसांत ते प्रयोगशाळेचं दारसुद्धा उघडत नव्हते. तास घ्यायचे आणि सरळ घरी जायचे.

मी एसटीनं चोपड्याला गेले, तिथून काळीपिवळीनं वर. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, घड कापलेले खांब आडवे पडलेले. वाटभर मी एकच घोकत होते की गोळ्या चालू असू देत, बाकी मला शिव्या घातल्या तरी चालतील. पाड्यावर पोचले तेव्हा ललिता दारात भांडी घासत होती. उंच झाली होती. मला बघून हात पुसत उठली. मी कसं आहे, बरं आहे का, काही विचारलं नाही. म्हटलं, "गोळ्या?"

तिनं आत बोट दाखवलं. आरशाच्या खिळ्याला प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली, तीत गोळ्या. "रोज घेते," ती म्हणाली. "उलटीसारखं होतं, मग थोडी भाकरी खाते. बाबा समोर उभे राहतात." मी तिथेच उंबऱ्यावर टेकले.

गुलाब संध्याकाळी बागेतून आला. मला बघताच तो जागेवर थांबला. त्याच्या डोळ्यांत जे आलं ते बघवेना, म्हणून मी घाईनं सांगून टाकलं. "भाऊ, औषध नाही बनलं."

तो विळा भिंतीला टेकवून खाली बसला. म्हणाला, "बठ्ठं गयं?"

"सगळं."

"सर आते काय करतस?"

मी खरं ते सांगितलं. सरांचं मन उडालंय, प्रयोगशाळेत जात नाहीत, दुसरं काही शोधायचं म्हणतात पण हात लावत नाहीत. गुलाबनं ललिताकडे बघितलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. मग तो माझ्याकडे वळला आणि आपल्याच घरातल्या कुणाची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाला, "त्यास्ले सांगा, घाई नका करा. गोळ्या शेतस तवलग आमनी पोर थांबी." गोळ्या आहेत तोवर आमची पोर थांबेल, असं.

रात्री मला त्यांनी जाऊ दिलं नाही. सकाळी चोपड्याच्या स्टँडवर उतरल्याबरोबर मी बोरसेसरांना फोन लावला आणि गुलाब बोलला तसंच, त्याच्याच बोलीत, शब्द न बदलता सांगितलं. सरांनी तेवढंच पुन्हा विचारलं.

"थांबी म्हने?"

"थांबी म्हने," मी म्हटलं.